बारा मुलं, एक तास आणि एक फॉर्म

प्रिय ताई,

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा आमच्याकडे 'मेंटॉर योजना' सुरू झाली. आठवीतली बारा मुलं माझ्या वाट्याला आली आहेत, बहुतेक 'लक्ष देण्याजोगी' म्हणून निवडलेली. आठवड्यातून एक तास त्यांच्याबरोबर बसायचं आणि सत्र संपताना प्रत्येकाचा 'भावनिक खंबीरपणा' एक ते पाच गुणांत मोजून फॉर्म भरून द्यायचा. पुढच्या सत्रात हीच मुलं दुसऱ्या शिक्षकांकडे जाणार. मी त्यांना थोरामोठ्यांच्या संघर्षाच्या गोष्टी सांगते, ध्येय लिहायला लावते. ती माना डोलावतात. एक मुलगा तर काहीही विचारलं तरी 'काही नाही, मॅडम' एवढंच म्हणतो. त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय, हे मला इतरांकडून कळलं आहे. आमचे पी.टी.चे सर म्हणतात, 'आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? आम्ही काय मोडून पडलो?' मी समुपदेशनाचं काही शिकलेली नाही. मी करतेय ते बरोबर आहे का? आणि हो, एका मुलीने परवा सांगितलं की घरी भांडणं झाली की तिला रात्रभर झोप लागत नाही, 'मी नसतेच तर बरं झालं असतं' असं वाटतं. कुणाला सांगणार नाही असं मी तिला वचन दिलंय.

— एक शिक्षिका

प्रिय मॅडम,

तुमचं पत्र मी शेवटून वाचायला घेते. 'आणि हो' म्हणून तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, ते सगळ्यात आधी हातात घ्यायचं आहे. योजना, फॉर्म, पी.टी.चे सर, सगळं आठवडाभर थांबू शकतं. त्या मुलीचं थांबू शकत नाही. सदर छापून येईपर्यंत दिवस जातात, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला वेगळं कळवलं होतं. तेच इथे पुन्हा लिहिते, कारण असं वाक्य कानावर पडलेले तुम्ही एकट्याच शिक्षक नसणार.

'मी नसतेच तर बरं' हा कधी नुसता वैताग असतो, कधी त्यामागे खरंच जीव देण्याचा विचार असतो. दोन्हीतलं कोणतं, ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. विचारावंच लागतं, आणि आडवळणाने नाही, सरळ विचारावं लागतं. 'तू परवा म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. जिवाचं काही बरंवाईट करावं असं तुझ्या मनात येतं का?' असं. विचारल्यानेच नसता विचार मुलांच्या डोक्यात शिरेल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक शिक्षकाला वाटते. 2005 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं होतं, काहींना नव्हतं. ज्यांना विचारलं ती मुलं त्यामुळे जास्त अस्वस्थ झाली नाहीत, आत्महत्येचे विचार त्यांच्यात वाढलेही नाहीत. जी आधीपासून खचलेली होती, त्यांना तर विचारल्याने झालाच तर थोडा उतारच पडलेला दिसला.

ती 'हो' म्हणाली, आणि कसं, कधी, याचाही विचार करून बसली असेल, तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी, तिचा हात धरूनच, मुख्याध्यापकांकडे आणि समुपदेशकांकडे जा. शाळेत समुपदेशक नसतील तर डॉक्टर किंवा हेल्पलाइन. उत्तर 'नाही, तसं काही नाही' असं आलं तरी समुपदेशकांच्या कानावर घाला. झोप उडालेली मुलगी आहे, ते एवढ्यावर सोडून देण्यासारखं नाही. घरच्यांना काय आणि कधी सांगायचं, हे मात्र एकटीने ठरवू नका. भांडणात मारहाण होत असेल, तर शाळेतून गेलेला एक फोन संध्याकाळी तिच्याच अंगाशी येऊ शकतो. अशा वेळी शाळेने घराऐवजी थेट बालसंरक्षण यंत्रणेकडे जायचं असतं.

राहिलं वचन. ते मोडावं लागणारच, फक्त तिच्या पाठीमागे मोडायचं नाही. 'कुणाला बोलणार नाही असं मी म्हणाले होते. ते मला पाळता येणार नाही, कारण तुझी काळजी वाटते. कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू. तू माझ्याबरोबर येतेस, की आधी मी बोलून घेऊ?' ती चिडेल. कदाचित महिनाभर तुमच्याशी बोलणार नाही. तो राग परवडला. आणि यापुढे प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत सांगून टाका की बोललेलं तुमच्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला किंवा कुणी त्रास देतंय असं कळलं तर तुम्हाला सांगावं लागेल, आणि तेही त्या मुलाला आधी सांगूनच तुम्ही करणार. 'तुमच्यापाशी राहील' यात स्टाफरूम येत नाही, हे आपलं मी सांगून ठेवते. मुलाच्या घरची गोष्ट मधल्या सुट्टीत चार शिक्षकांत फिरली की दुसऱ्या दिवशी ती मुलांना कळलेली असते. कशी कळते कोण जाणे, पण कळते.

आता, तुम्ही करताय ते बरोबर आहे का? थोडं स्पष्टच लिहिते. संघर्षाच्या गोष्टी तूर्त बाजूला ठेवा. त्या वाईट नाहीत, चुकीच्या वेळी पोचतायत. घरात रोज काय वाढून ठेवलं असेल या धास्तीने दप्तर आवरणाऱ्या मुलाला, कुणी थोर पुरुष दिव्याच्या खांबाखाली अभ्यास करून मोठा झाला असं सांगितलं, की त्याला ऐकू येतं ते एवढंच: 'त्याला जमलं, तुला का जमत नाही?' तो मान डोलावतो, कारण तास संपवायचा तोच सोपा मार्ग आहे. बारापैकी बारा मुलं मान डोलावतायत, तेव्हा तुमचं बोलणं कुणाच्याच आत पोचत नाहीये, असं मी समजते.

खंबीरपणा बोलून अंगात भरता येत नाही. मग तो येतो कुठून? याचं एक फार जुनं आणि चिकाटीने केलेलं काम आहे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं पोटात असल्यापासून ती चाळिशीला येईपर्यंत नजर ठेवली. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं अनेक संकटं एकाच वेळी झेलणारी होती. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार, सगळं एकावर एक. तरीही त्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, जबाबदार, माणसांत रमणारी मोठी माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काही जात्याच शांत, गोड स्वभावाची होती, हे खरं. पण पुन्हा पुन्हा दिसलं ते असं, की त्या प्रत्येकाला निदान एक तरी मोठं माणूस भक्कमपणे लाभलं होतं. कुणाची आजी, कुणाचा शेजारी, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत एखादे शिक्षक. त्या शिक्षकांनी काही विशेष तंत्र वापरल्याची नोंद नाही. ते होते, आणि ते राहिले.

'राहिले' हेच तुमच्या योजनेत बसत नाहीये. सहा महिन्यांनी मुलं दुसऱ्याकडे द्यायची ही कल्पना ज्याने काढली, त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळापत्रक असावं. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन अमेरिकी संशोधिकांचा 2002 सालचा अभ्यास आहे. ज्या मुलांचं मेंटॉरशी नातं वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलं, त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ज्यांचं तीन महिन्यांच्या आत तुटलं, त्यांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षा घसरली. म्हणजे अर्धवट सोडलेली मेंटॉरगिरी निरुपयोगी तर असतेच, वर अपायही करते. आधीच एखादं मोठं माणूस सोडून गेलेलं मूल असेल, तर ते मनाशी हिशेब करतं: हेही गेले, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1990 च्या सुमारास 'चेक अँड कनेक्ट' नावाची एक शालेय योजना उभी राहिली. तिच्यात मेंटॉरला निदान दोन वर्षं एका मुलाबरोबर राहायचं कबूल करावं लागतं. मूल वर्ग बदलो, शक्य असेल तर शाळा बदलो, माणूस तेच.

म्हणून मुख्याध्यापकांकडे एवढी एकच मागणी घेऊन जा, की माझी मुलं पुढच्या सत्रातही माझ्याकडेच राहू द्या. दुसरी मागणी मागाहून करा, मुलं कमी करा ही. बारा मुलांना एक तास म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटं, तीही सगळ्यांसमोर. सगळ्यांसमोर आठवीतलं कुठलंही मूल खरं बोलत नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

गटाबद्दल आणखी एक. 'लक्ष देण्याजोगी' बारा मुलं एका वर्गात बसवली की ती का बसली आहेत हे शाळेतल्या पाचवीतल्या पोरालाही कळतं. आणि निव्वळ बंडखोर मुलं एकत्र आली की ती एकमेकांच्याच वागण्याला दाद देतात, हे संशोधनात बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. या बाबतीत एक जुना प्रयोग मला फार बोचतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 ते 1945 या काळात तो 506 मुलग्यांवर झाला. निम्म्यांना सल्लागार दिले, घरी भेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सगळं. उरलेल्यांना काही दिलं नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या गुन्हेगारीच्या अभ्यासक बाईंनी त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक जण आठवण काढून म्हणाले, आम्हाला फायदा झाला. आणि नोंदी काय सांगत होत्या? दारूचं व्यसन, आजार, वारंवार केलेले गुन्हे, अशा कितीतरी बाबतींत मदत मिळालेलेच मागे पडलेले होते. पुढे मॅकॉर्ड यांनी त्यातला काही दोष त्या शिबिरांवर ठेवला, तशाच मुलांना पुन्हा पुन्हा एकत्र पाठवण्यावर. हे वाचून हातपाय गाळू नका. मी हे सांगते ते एवढ्यासाठी, की 'मुलांना आवडतंय' आणि 'आपला हेतू चांगला आहे' या दोन्ही गोष्टींनी आपली आपण पाठ थोपटून घेऊ नये. तुमच्या गटात दोन-तीन हसतीखेळती, कुठल्याच यादीत नसलेली मुलं घ्या. तासाला काहीतरी साधं नाव द्या. आणि खरं काम तासाबाहेर करा.

तासाबाहेर म्हणजे कुठे? आता तुमच्या 'काही नाही, मॅडम'कडे येते.

त्याला समोर बसवून विचारू नका. त्या वयाच्या मुलाला मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघत घरचं सांगणं जवळजवळ अशक्य असतं. त्याला काम द्या, तुमच्या शेजारी उभं राहून करायचं. तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणजे प्रयोगशाळा आहे. परीक्षानळ्या धुऊन स्टँडवर उलट्या लावायच्या आहेत, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्यात त्या नव्याने लिहायच्या आहेत. तुम्ही चिठ्ठ्या लिहा, तो चिकटवेल. पहिल्या दिवशी बोलणं होईल ते गोंदाबद्दल. दुसऱ्या दिवशी, हे आम्ल सांडलं तर काय होतं याबद्दल. चौथ्या-पाचव्या दिवशी तो बाटलीकडे बघत सहज म्हणेल, 'मॅडम, उद्या मी येणार नाही, मामाकडे जायचंय.' इथे बहुतेक शिक्षक तोंड उघडतात: 'का? चाचणी जवळ आली आहे, माहितेय ना?' आणि दार बंद. तुम्ही एवढंच म्हणा, 'मामाकडे. बरं.' आणि चिठ्ठी लिहीत राहा. पुढचं वाक्य त्याचं येऊ द्या. आलं नाही तर नाही. परवा तो परत आल्यावर 'आलास का? या दोन बाटल्या तुझ्यासाठी ठेवल्यात,' म्हणा. त्याची गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात राहिली, त्याची जागा धरून ठेवली होती, हे त्याला कळतं. ते कळण्यासाठी ध्येयाचा तक्ता लागत नाही.

शिक्षकांमध्ये एक जुनी युक्ती चालते: एका मुलाशी रोज दोन मिनिटं, सलग दहा दिवस, अभ्यास आणि वागणूक सोडून कशाहीबद्दल बोलायचं. तिच्यामागे फार मोठं संशोधन आहे असं मी म्हणणार नाही. पण ती करून बघण्यात खर्च फक्त वीस मिनिटांचा आहे, आणि रोजच्या रोज हा भाग महत्त्वाचा. आठवड्यातून एकदा तासभर जीव तोडून बोलण्यापेक्षा रोज जिन्यात दोन मिनिटं, असं मी कधीही निवडेन.

कधीतरी तो बोलेल. त्या वेळी उपाय सुचवण्याची घाई होते. ती आवरा. 'बाबा घरी येत नाहीत' असं मूल म्हणालं की आपल्या तोंडून 'येतील, काळजी करू नको' निघून जातं, आणि ते आपल्याला तरी कुठे माहीत असतं? त्याऐवजी त्याच्या मनात काय चाललंय त्याला शब्द द्यायला मदत करा. 'राग येतो, की वाट बघून कंटाळा येतो?' चुकीचा शब्द सुचवलात तरी चालेल, मुलं दुरुस्त करतात: 'राग नाही मॅडम, लाज वाटते. सगळे विचारतात.' भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतलं भीतीचं केंद्र थोडं शांत होतं, असं मॅथ्यू लीबरमन या मानसशास्त्रज्ञाच्या 2007 सालच्या मेंदूच्या तपासण्यांत दिसलं होतं. पण त्यापलीकडे एक व्यवहाराची गोष्ट आहे. 'लाज वाटते, सगळे विचारतात' हे कळलं की तुम्हाला करण्यासारखं काहीतरी सापडतं. विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवता येतं. एक वाक्य ठरवायचं, दोनदा म्हणून बघायचं. बाबा परत आणणं तुमच्या हातात नाही, ते वाक्य मात्र तुमच्या हातात आहे. खंबीरपणा वाढतो तो अशा बारीकसारीक गोष्टींतून. मुलाला एक अडचण दिसते, कुणाच्या तरी सोबतीने ती पार होते, पुढची अर्धी तो स्वतः पार करतो. त्यासाठी अडचण त्याच्याकडेच राहू द्यावी लागते. भांडलेल्या मित्राशी तुम्हीच जाऊन बोललात, राहिलेली वही तुम्हीच माफ करून घेतलीत, की मूल तुमच्यावर खूश होईल आणि होतं तिथेच राहील.

समुपदेशनाचं शिक्षण नाही, याची खंत करू नका, पण ते विसरूही नका. ऐकणं, लक्षात ठेवणं, पुन्हा भेटणं हे तुमचं काम. एखादं मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास किंवा चिडलेलं दिसलं, झोप-भूक बिघडली, अंगावर न सांगता येणाऱ्या खुणा दिसल्या, आवडीच्या गोष्टी सोडून दिल्या, तर ते काम पुढे द्यायचं. मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आतच झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमची मुलं नेमकी त्याच वयाची आहेत. पुढे देणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे मुलाला कळायला हवं. समुपदेशकांकडे गेल्यावरही परीक्षानळ्या तुमच्याकडेच.

आणि तुम्ही हे सगळं ऐकून घरी नेता, तुमचं कोण ऐकतं? महिन्यातून एकदा समुपदेशकांबरोबर अर्धा तास मागून घ्या, मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी. नाही मिळाला तर दोन मेंटॉर शिक्षकांनी मुलांची नावं न घेता एकमेकांशी बोलायचं ठरवा.

फॉर्म भरा, त्यावरून भांडू नका. एक ते पाचमध्ये कुणाचा खंबीरपणा मावत नाही, हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक असेल. पण शेऱ्याच्या रकान्यात दिसलेलं लिहा: सत्राच्या सुरुवातीला महिन्यात सहा दिवस गैरहजर, आता दोन. आपण होऊन एकदा मदत मागितली. पेपर वाईट गेला तरी दुसऱ्या दिवशी शाळेत आला. असे शेरे वाचूनच तुमची मुलं तुमच्याकडे ठेवायची की नाही, हा निर्णय व्हायला हवा. आणि मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्यात एक अक्षरही नको, कारण फॉर्म कुणाकुणाच्या टेबलावरून जाईल याचा भरवसा नाही.

शेवटी तुमचे पी.टी.चे सर. 'आम्ही काय मोडून पडलो?' याला माझ्याकडे तयार उत्तर आहे, की जे मोडून पडले ते शाळेत शिक्षक म्हणून परत येत नाहीत, म्हणून ते सरांना दिसत नाहीत. पण हे त्यांना ऐकवू नका, उगाच वाद होईल. त्यापेक्षा आठवडाभर बघा, शाळा सुटल्यावर मैदानावर त्यांच्याभोवती कोण कोण रेंगाळतं. चेंडू गोळा करायला, जाळं सोडवायला, उगीचच. अशी मुलं असतातच, आणि सर त्यांना ओरडत ओरडत थांबवूनही घेतात. तुमच्या बारातली दोन-तीन त्यांच्यात सापडली, तर ती मेंटॉर म्हणून सरांच्या नावावर करून द्या. 'मेंटॉर' हा शब्द मात्र वापरू नका, ते नाही म्हणतील. फॉर्मही तुम्हालाच भरावा लागेल.

— तुमची ताई